वीतभर बर्फ

शनिवार आला की मला धडकी भरती. पुण्याच्या गाड्या एकामागं एक येत्यात, आमच्या अंगणात लागत्यात, आन् माणसं उतरायच्या आधी त्यांची भूक उतरती. मुळशीला धरणाच्या कडंला आमच्या तीन खोल्या हायेत, त्या आमी भाड्यानं देतो. भाकरी, पिठलं, कोंबडीचा रस्सा, इंद्रायणीचा भात. मालकांनी फाट्यावर पाटी लावलीया, 'घरगुती जेवण मिळेल'. घरगुती म्हंजे मी.

परवाच्या शनिवारी एक बाई चुलीपाशी येऊन बसली. डोक्यावर गॉगल चढवल्याला. आधी भाकरीचा फोटो काढला, मग माझा काढला, आन् म्हणली, "आजी, किती शांत आयुष्य आहे हो तुमचं! मला तर वाटतं इथंच राहावं."

"ऱ्हा की," मी म्हणलं. "हे घे पीठ. अजून पंचवीस भाकरी थापायच्या हायेत."

ती हसली. तिला वाटलं म्हातारी गमती हाय. माझ्या अंगात गंमत करायचं त्राण तरी व्हतं का? कंबर धरल्याली, धूर डोळ्यात गेल्याला.

पर ती उठून गेल्यावर माझं मलाच हसू आलं. म्हणलं, सगुणा, तू तरी येगळं काय केलंस? तू बी परमुलखात जाऊन, लोकांच्या रोजच्या जगण्यात पाय पसरून बसलीस आन् खूश झालीस. फरक एवडाच, की ही बया तोंडावर सांगती आवडलं म्हणून. मी सांगितलं न्हाई. आन् त्यापायी जे झालं ते झालं.

माझी लेक सोनम फिनलंडला असती. जावई तितं कॉम्प्युटरच्या कामाला हाय. गेल्या गणपतीत कळलं, की मार्गशीर्षात तिचे दिवस भरत्यात. पहिलं बाळंतपण म्हायेराला करायचं ही आमची रीत. पर डॉक्टर तिला इमानात बसू देईना. मग ठरलं, लेक म्हायेराला येत न्हाई तर म्हायेर लेकीकडं जाईल. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, बाळगुटीचा डबा, सगळं बांधून मी निघाले. आमचे मालक जयसिंगराव म्हंजे पौडाच्या फुडं जायचं म्हणलं तरी कपाळाला आठी घालणारा माणूस. त्यांनी बी 'जा' म्हणलं. बाळंतपणाला न्हाई कोण म्हणंल? ते काम हाय. बाईमाणसाला कामासाठी कुटं बी धाडत्यात.

निघताना माझी थोरली जाऊ रत्नाबाई, शेजारच्याच घरात असती ती, कानाशी लागून म्हणली, "सगुणा, तितं हौसमौज करत बसू नगंस हां. लेकीच्या दारात आई खुशीत दिसली, की लोक म्हणत्यात घरचं ओझं टाकून पळाली. आन् चांगलं चाललंय असं तर कुणाला सांगूच नगंस. दिष्ट लागती."

तिचं आईकलं, हीच माझी चूक. पर तिचं एकटीचं काय, आमच्यात सगळ्या अशाच बोलत्यात. बरं चाललंय असं कुणी म्हणतच न्हाई. 'चाललंय कसंतरी' म्हणायचं, सुस्कारा टाकायचा, की झालं.

पहिला आठवडा मी खरीच रडले. दिवस उगवायचा दहाच्या टायमाला आन् तीनला तर मावळून बी जायचा. सगळीकडं पांढरं. खिडकीतनं बघितलं तर माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. नळाला गरम पाणी आन् घरात उबारा व्हता, पर जीव लागंना. मग सोनमला पोरगी झाली, आन् मला काम मिळालं, तसा जीव थाऱ्यावर आला.

तितली एक रीत सांगते, बोटं तोंडात घालाल. दवाखान्यातली नर्स घरी आली, बाळ बघितलं, आन् सोनमला म्हणली, ह्याला दुपारी गाडीत घालून भाईर झोपवत जा. भाईर! बर्फात! आमी बाळंतिणीच्या खोलीच्या फटीला बी चिंध्या लावतो, वारा शिरू देत न्हाई. मी सोनमला म्हणलं, "तुझ्या नर्सला सांग, माझी नात काय सुकट हाय का, भाईर वाळत घालायला?" लई भांडले. शेवटी एक दिवस पोरीला गुंडाळून गुंडाळून गाडीत घातली, आन् तिच्याशेजारी मी बी अंगणात उभी ऱ्हायले, पहारा द्यायला. पोरगी अशी झोपली, अशी झोपली, की दोन तास हूं का चूं न्हाई. नाक तेवडं लाल. मग मी तिला रोज खाली न्यायला लागले.

तितंच मला आइला नावाची बाई भेटली. सोनमच्या वरच्या मजल्यावर एकटी ऱ्हाती. सत्तरीची, उंच, हाडापेरानं मजबूत, नवरा वारलेला. मला तिची भाषा येत न्हाई, तिला माझी न्हाई. तरी पहिल्याच दिवशी ती गाडीपाशी आली, बाळाकडं बघितलं, माझ्या पायातल्या सपातांकडं बघितलं, आन् जी काय वरडली! शब्द कळला न्हाई, पर आमची सासू आशीच वरडायची. वर गेली आन् लोकरीचे पायमोजे घेऊन आली. मी बी तिला डिंकाचा लाडू दिला. त्या दिवसापासनं आमचं जमलं.

त्या इमारतीला तळघरात कपडे धुवायची खोली हाय, सगळ्यांच्यात मिळून. आपला वार ठरवायचा आन् कपडे घेऊन जायचं. आइलाचा आन् आमचा वार एकच आला. मशीनमधी कपडे घातले की काम संपलं. मी उभीच. म्हणलं आता काय करायचं? आइलानं बाकाकडं बोट दाखवलं. बस म्हणली. मी बसले. मशीन घुर्र घुर्र करत व्हती, खोली गरम व्हती, साबणाचा वास येत व्हता. कुणी 'चहा' म्हणून हाक मारली न्हाई. कुणी 'आजी, अजून एक भाकरी' म्हणलं न्हाई. बसल्या बसल्या मला झोप लागली. जाग आली तर आइलानं तिचा कोट माझ्या अंगावर टाकलेला, आन् माझे कपडे घड्या घालून ठेवलेले.

खरं सांगू का, मला तवा रडू फुटलं. चाळीस वरसं मी दमल्याली हाय, हे मला त्या तळघरात कळलं. आदी कळायला टाईमच न्हवता.

तितनं फुडं माझे दिवस असे गेले, की काय सांगू. आन् केलं काय म्हणाल, तर काय बी न्हाई. सकाळी काळोखात उठून खिडकीत कॉफी प्यायची. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, सोनमला शिरा खायला घालायचा. मग आइलाबरुबर गाडी ढकलत बेकरीपत्तुर जायचं. बर्फ पायाखाली करकर वाजायचा. बेकरीतली पोरगी मला लांबनंच बघून वेलचीचा पाव पिशवीत घालायची. एकदा बसगाडीत बसलो, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर गेलो आन् तशाच परत आलो. कशाला? उगंच! उगंच कुटं जाता येतं, हे मला म्हायती न्हवतं. शनिवारी, माझ्या शनिवारी, आइला मला वाफंच्या खोलीत न्यायची. तितं बायका अंगावर काय बी न घालता बसत्यात. मी पहिल्यांदा परकर सोडला न्हाई. आइला पोट धरून हसली. तिसऱ्या शनिवारी म्हणलं मरू दे, हितं माझ्या गावचं कोण हाय? गरम फळीवर बसले आन् माझी कंबर पहिल्यांदा सुटली.

आन् घरी फोनवर काय सांगत व्हते?

रोज तितल्या दुपारी, म्हंजे हितल्या सांजच्याला, फोन लागायचा. ओसरीवर मालक बसलेले, बाजूला रत्नाबाई, मागं गोठ्यातली म्हस. मालक इचारायचे, "कसं काय हाय? जेवलीस का?" आन् मी सुरू. "काय सांगू, करमत न्हाई. भाकरी घशाखाली उतरत न्हाई. थंडीनं हाडं मोडली. दिवस कसला, नुसता अंधार. कवा एकदा घरी येते असं झालंय." सांगून सांगून मला सवय लागली. बेकरीतनं येताना मनात ठरवायचे, आज काय दुखतंय म्हणून सांगावं.

सोनम शेजारी बसून आईकायची. एकदा फोन ठेवल्यावर म्हणली, "आई, आत्ता जिन्यात आइलाबरोबर खिदळत होतीस ना? मग आबांना खोटं का सांगतेस?"

"खोटं कसलं? असंच सांगत्यात," मी म्हणलं. "त्यो माणूस तितं एकटा शिळंपाकं खातोय. त्याला काय सांगू, मी हितं वाफंत बसलीया?"

आता मुद्द्याचं सांगते. त्या गावाला एक तळं हाय. तळं कसलं, आपल्या धरणाएवडं पाणी. आइला मला रोज काठाला न्यायची. पाण्यावर बर्फाची साय धरायला लागल्याली. तिनं हातानं चालून दाखवलं, दोन बोटं अशी तळहातावरनं चालवत नेली. म्हंजे काय, तर ह्याच्यावरनं चालत पलीकडं जायचं. पलीकडच्या काठाला चर्च दिसत व्हतं, तितपत्तुर.

मी म्हणलं, "ह्याड! पाण्यावरनं?"

माझा जलम पाण्याच्या कडंला गेला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मुळशीत आले, तवा सासूनं पहिली गोष्ट सांगितली, पाण्याकडच्या त्या आंब्याच्या झाडाफुडं पाय टाकायचा न्हाई. पाणी माणूस खातं. दर साली कुटनं तरी पोरं येत्यात, पव्हायला उतरत्यात आन् त्यातली एकदोन वर येत न्हाईत. मी पाणी बघत भांडी घासली, पाणी बघत पोरं वाढवली, पर त्याच्याजवळ गेले न्हाई. आन् ही म्हातारी म्हणत व्हती, त्याच्यावरनं चाल.

ते माझ्या डोक्यात बसलं. असं बसलं, की म्हणलं हे केल्याबिगर मी घरी जायची न्हाई. आजवर मी काय मागितलं कुणाकडं? देवाकडं मागितलं ते बी पोरांसाठी. हे मला माझ्यासाठी पायजे व्हतं.

आइलाकडं एक लांब गिरमीट व्हतं. रोज काठापासनं थोडं आत जायची, बर्फाला भोक पाडायची, आन् बर्फ किती जाड झालाय ते माझ्याकडं वळून बोटांनी दाखवायची. दोन बोटं. मग मान हलवायची, न्हाई. थंडी वाढली तशी तीन बोटं झाली. मग चार. तिला एक वीत पायजे व्हती, आंगठ्यापासनं करंगळीपत्तुर. तळ्यात खालनं धार वाहती, म्हणून एक वीत. घाई केली न्हाई तिनं. मला बी घाई न्हवती, तिकीट पार माघ सरल्यावरचं व्हतं. सोनमच्या मोबाईलात बघून आइलानं एका रविवारावर बोट ठेवलं. तोवर हुईल म्हणली. मी रोज झोपताना अंधारात माझी वीत पसरून बघायचे.

त्या रविवाराच्या आदल्या आठवड्यात घरनं फोन आला. ओसरीवर सगळी गोळा झाल्याली. मालकांनी दाढी केल्याली, धुतल्याली टोपी घातल्याली. मला वाटलं कुणाची सुपारी फुटली का काय.

"सगुणा," ते म्हणले, "आता रडू नगंस. तुझं तिकीट बदलून आणलं. बुधवारी निघून ये."

मला कळंचना. "आँ?"

"बावधनला तिकिटवाल्याकडं तीन खेपा घातल्या. त्यो म्हणला बदलत न्हाई. मी म्हणलं, माझं माणूस तितं झुरतंय, तुझं नियम मला नगं सांगू. तितंच बसून ऱ्हायलो. शेवटाला दिलं त्यानं."

मागनं रत्नाबाई पदरानं डोळं पुसत व्हती. "त्यो बाबा जेवंना की गं तुझं आईकून. घास खाली ठेवायचा."

सोनमनं माझ्याकडं बघितलं. तिच्या मांडीवर पोरगी. तिनं डोळ्यानं सांगितलं, बोल आता. बोल की.

आन् मी काय बोलले? मी म्हणलं, "बरं झालं बाई. सुटले एकदाची."

फोन ठेवल्यावर सोनमनं पोरीला मांडीवरनं खाली निजवलं. मग म्हणली, "आई, अजून वेळ आहे. मी सांगते आबांना."

"नगं. तीन खेपा घातल्या गं बापानं. पौडाच्या फुडं न जाणारा माणूस त्यो."

"मग मी खरं काय समजू?" ती म्हणली. "इथं हसत होतीस ते खरं, की फोनवर सांगत होतीस ते? माझ्याकडं राहून तुला बरं वाटलं, का तू माझ्यासाठी नुसती ओढत होतीस?"

लेकीच्या तोंडनं असं आईकायला लागलं. मी म्हणलं, "गप झोप, दूध आटंल."

बुधवारी आइला खाली आली. हातात बुटाला बांधायचे खिळ्यांचे पट्टे, माझ्यासाठी आणल्याले. आन् एक दोरी. दोरीच्या दोन टोकांना लाकडी मुठी, मुठीत खिळे. ती गळ्यात घालायची असती. बर्फ फुटून माणूस आत गेला, तर हे खिळे रोवायचे आन् स्वतःला वर वढायचं. मी हातानं इमान करून दाखवलं. तिला कळंना. तिनं बोटं दाखवली, चार, आन् मग पाचवं जोडून हात जरासा पसरला, म्हंजे आता थोडंच ऱ्हायलंय. मी मान हलवली. तवा तिला कळलं. ती उगंच रडली बिडली न्हाई. दोरी माझ्या गळ्यात घातली, गालावर दोन चापट्या मारल्या, आन् वर निघून गेली.

मुंबईच्या इमानतळावर मालक हार घेऊन उभे. हार! माझ्यासाठी! लग्नानंतर पहिल्यांदा. "आणली तुला सोडवून," म्हणले. घरी आले तर अजून एक कवतिक. माझी चूल जमिनीवरनं उचलून त्यांनी कमरंएवड्या वट्यावर बसवल्याली. "फोनवर कंबर कंबर करत व्हतीस ना," म्हणले. "आता वाकायला नगं." सोता माती कालवून केल्याला वटा, जरा वाकडा, पर पक्का. मी त्याच्यावर हात फिरवला, आन् माझ्या मनात असं आलं, की ह्या माणसाला मारू का ह्याच्या पाया पडू. आता सांग बाई ह्याला खरं! कुटल्या तोंडानं सांगशील?

न्हाईच सांगितलं. उभ्यानं भाकऱ्या थापायला लागले. दोरी फडताळाच्या खुंटीला अडकवली.

आठ-दहा दिवसांनी सांजच्याला सोनमचा फोन आला, तोंड दिसणारा. ओसरीवर सगळी व्हतीच. सोनम म्हणली, "थांब, आइलाला दाखवते." आन् मोबाईल फिरवला. ते तळं. पांढरं, काठापासनं काठापत्तुर. त्याच्यावर माणसं चालत व्हती, कुत्री पळत व्हती, एक बाई बाळाची गाडी ढकलत व्हती. आन् पार मधोमध आइला उभी, हातात गिरमीट. तिनं मोबाईलकडं बघितलं, हातमोजा काढला, आन् हात उंच धरून पसरला. आंगठ्यापासनं करंगळीपत्तुर. पुरी वीत.

"अगं बया बया!" रत्नाबाई वरडली. "ही म्हातारी मरायला गेली का पाण्यावर? सगुणा, सुटलीस बाई. तुला बी नेली असती बळंबळं."

मालक हसले. मांडीवर हात मारून म्हणले, "म्हणून तर मी टायमात आणली."

हातात कणकीचा गोळा व्हता, त्यो मी परातीत आपटला.

"मला जायचं व्हतं," मी म्हणलं.

"कुटं?" मालक म्हणले.

"तितं. त्या पाण्यावर. मला चालायचं व्हतं तिच्यासंगं. मला तितं लई बरं वाटत व्हतं. माझं एक हाड मोडलं न्हवतं. मी जेवत व्हते, झोपत व्हते, हसत व्हते. मी रोज खोटं बोलले तुमाला. आन् सोनम, आईक गं, तुझ्याकडं व्हते तेवडी खुशीत मी कवाच न्हवते!"

मोबाईलात सोनमनं तोंडावर हात धरला. मागं आइला अजून हात पसरूनच उभी, तिला काय म्हायती हितं काय पेटलंय.

मालक उठले. "मग आदी सांगायचं व्हतं," एवडंच म्हणले, आन् गोठ्याकडं गेले.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांडण न्हाई, तंटा न्हाई, नुसतं गप. ताट वाढलं तर जेवायचे, वाढलं न्हाई तर सोता भात लावायचे. थंडीत एकटं ऱ्हाऊन भात शिकल्याले. रत्नाबाईनं मला झाप झाप झापलं. "त्यो वटा केला तुझ्यासाठी, आन् तू चार माणसांत त्याचं नाक कापलंस!" तिचं बरुबर व्हतं. माझं बी बरुबर व्हतं. ते कुणाला दिसतंय? शनिवार आले, गाड्या आल्या, भाकऱ्या झाल्या. होळी गेली, पाडवा गेला. मी पुन्हा पहिल्यासारखी दमले.

वैशाख आला. उन्हानं पाणी पार मागं हटलं. आंब्याच्या फुडं लांबवर गाळ उघडा पडला, वाळून भेगाळला. परवाचा नव्हं, त्याच्या मागचा शनिवार. झुंजूमुंजू झाल्यालं. मी चूल पेटवत व्हते, तर मालक दारात उभे. हातात खुंटीवरची दोरी.

"चल," म्हणले.

"कुटं?"

"चल म्हणलं की."

आंब्यापाशी माझं पाऊल अडलं. त्यांनी माझा हात धरला. गावात उजेडी हात धरणारा माणूस नव्हं त्यो. आमी फुडं गेलो. भेगांमधनं, वाळल्या शिंपल्यांवरनं, कुणाच्या तरी जुन्या बांधावरनं. लई आत गेलो. घर लांब, एवडंसं दिसायला लागलं. मग ते थांबले आन् दोरी माझ्या गळ्यात घातली.

"श्रावणात हितं तीन पुरुष पाणी असतं," ते म्हणले. "आपण आता त्याच्या मधोमध हाये. चाललीस का न्हाई पाण्यात? झालं का आता समाधान?"

त्यांच्या कपाळाला घाम आल्याला. लई दिवस मनात जुळवून आणल्यालं दिसत व्हतं. माझ्या जिभेवर आलंच व्हतं, 'झालं बाई, लई बरं वाटलं.' एवडं म्हणायचं, की ते खूश, मी मोकळी, घरी जाऊन कणीक मळायची. जलमभर तेच केलं.

मी खाली बघितलं. गाळ व्हता. वाळल्याला गाळ.

"न्हाई," मी म्हणलं. "ह्ये तसं न्हाई."

मला वाटलं आता हात सोडून चालाय लागत्यात. पर सोडला न्हाई.

"मग कसं असतं ते?"

"मला काय ठावं? चालू कुटं दिलंत?"

त्यांनी नाकातनं श्वास सोडला. हसले का चिडले, कळलं न्हाई. म्हणले, "मग जा की फुडल्या थंडीला."

"कशाला म्हणून जाऊ? आता काय बाळंतपण हाय व्हय?"

त्यांनी पाण्याकडं बघितलं. लांब एक पांढरा बगळा उभा व्हता. इचार करत ऱ्हायले, पिशवीत काय तरी धुंडाळावं तसे.

"चालायला म्हणून जा," म्हणले.

"आन् लोकांनी इचारलं तर?"

"सांगंन. बायकू चालायला गेलीया म्हणून." मग माझ्याकडं न बघता म्हणले, "पर या बारीला फोनवर रडू नगंस, सगुणा. मी घास खाली ठेवायचो गं."

मला तितंच खाली बसावंसं वाटलं. बसले. गाळ गार व्हता, अजून ऊन चढायचं व्हतं. वर रस्त्यावर हॉर्न वाजला. पुण्याची पहिली गाडी आमच्या फाट्याला वळली.

"ऊठ," मालक म्हणले. "गाड्या आल्या."

"येऊ द्या," मी म्हणलं.